फरशीवर उमटलेली चेन

"आली! पहिली ज्योत्स्नाच हाय!" मयूर वाघेरा घाटाच्या कठड्यावर चढून ओरडला. चैतालीने त्याला शर्टाला धरून खाली ओढलं. कठड्यापलीकडे दरी होती, आणि मयूरला उत्साह आला की दरीबिरी काही दिसत नसे.

दिवाळीच्या सुट्टीतला पहिला रविवार होता आणि नाशिकच्या चक्रवेग सायकल क्लबची निवड शर्यत चालू होती. गिरणाऱ्यातून निघायचं आणि घाटमाथ्यावर संपवायचं. पहिल्या दोन मुली राज्य स्पर्धेच्या संघात जाणार होत्या. चैताली स्वतः शर्यतीत नव्हती. तिला सायकल चालवण्यापेक्षा उघडून बघायला जास्त आवडायचं. ज्योत्स्नाला क्लबने दिलेल्या सायकलचे ब्रेक, चाकं, चेन, सगळं चैतालीच बघायची. परवाच तिने ती चेन साफ करून वितळलेल्या मेणात बुडवून काढली होती.

ज्योत्स्ना वळण घेऊन वर आली. ती उभी राहून पॅडल मारत होती. घाटाच्या पलीकडे हरसूलजवळ तिचं गाव, त्यामुळे या घाटातला प्रत्येक चढ तिच्या ओळखीचा होता. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर सृष्टी होती. सृष्टी म्हणजे क्लबच्या दीपक सरांची पुतणी.

"चेनचा आवाज येतोय का ऐक," चैताली म्हणाली.

"काहीच नाय येत."

"मग बरोबर आहे." मेण लावलेली चेन आवाज करत नाही. चैतालीला या गोष्टीचा फार अभिमान होता.

तो अभिमान तिथल्या तिथे संपला. ज्योत्स्ना त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर असताना खट्‌कन आवाज झाला, पॅडल एकदम रिकामं फिरलं आणि ती गुडघ्यावर आपटली. चेन तुटून मागे रस्त्यावर पडली होती. ज्योत्स्नाने तिच्याकडे एकदा बघितलं, सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि पळत सुटली. गुडघ्यातून रक्त वाहत होतं. ती पळत असताना सृष्टी तिच्या बाजूने निघून गेली. मग आणखी एक मुलगी गेली. ज्योत्स्ना तिसरी आली, तीसुद्धा पायी.

दीपक सर मोटरसायकलवरून मागोमाग आले. त्यांनी तुटलेली चेन उचलली, बोटांनी चोळली, आणि बोटांवर आलेली पांढरी भुकटी सगळ्यांना दाखवली.

"मेण? चेनला मेण? ही कोणाची अक्कल?"

"माझी, सर," चैताली म्हणाली.

"अगं, चेनला तेल घालतात. मेणबत्ती देवापुढे लावतात." आजूबाजूचे पालक हसले. सर मात्र हसले नाहीत. "तुझ्या प्रयोगापायी एका चांगल्या मुलीची शर्यत गेली," असं म्हणून त्यांनी चेन रस्त्याच्या कडेला भिरकावली.

चैतालीने ज्योत्स्नाकडे बघितलं. ती कठड्यावर बसून गुडघ्यावर पाणी ओतत होती. तिने मान वर केली, चैतालीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ती काही बोलली असती, अगदी शिवी दिली असती, तरी चैतालीला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर चैताली जेवली नाही. सिडकोतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या तोंडावर नेहमीची गडबड होती. तिची आई मेणाच्या पणत्या करून विकायची. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, छोट्यात मेण, असा सगळा थाट गॅसवर मांडलेला असे. चैतालीचा कारखानाही तोच. चेन आधी टर्पेंटाइनमध्ये धुवायची, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग वाळवायची आणि तारेला अडकवून मेणात सोडायची. कड्यांच्या फटींतून बारीक बुडबुडे निघतात. ते थांबले की समजायचं, मेण आतपर्यंत पोचलं. बाहेर काढून गार केली की चेन काठीसारखी ताठ होते, मग एकेक कडी बोटांनी हलवून मोकळी करायची. सगळी दुपार जाते आणि बोटं दुखून येतात. पण मग चेनला धूळ चिकटत नाही, पोटरीला काळं लागत नाही आणि पाय हलका फिरतो. ज्योत्स्ना म्हणायची, "तुझं मेण असलं की घाट अर्धा होतो."

आता तीच ज्योत्स्ना फोन उचलत नव्हती.

तिचं काय गेलं होतं ते चैतालीला पक्कं माहीत होतं. ज्योत्स्ना सातपूरला मावशीकडे राहून नववी शिकत होती. भाऊबीज झाली की मावशी घर सोडून काकांच्या नव्या नोकरीच्या गावी जाणार होती. संघात येणाऱ्या मुलींना क्लबच्या इमारतीत खोली मिळणार होती, जेवणासकट. खोली मिळाली तर ज्योत्स्नाची शाळा चालू राहणार होती. नाही मिळाली तर तिला आईवडिलांबरोबर जावं लागणार होतं. दिवाळीनंतर तिच्या घरचे सगळे निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जात आणि द्राक्षं उतरली की गावी परतत. ती बाग मयूरच्या वडिलांची. मयूर म्हणजे चैतालीचा आतेभाऊ, सुट्टीला नाशिकला आलेला. लहानपणी तिघं त्याच बागेत लपाछपी खेळत, त्यातूनच चैताली आणि ज्योत्स्ना जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या होत्या.

"माझ्यामुळेच झालं," चैताली तिसऱ्यांदा म्हणाली.

आईने पणतीच्या साच्यात वात सरळ केली. "मेण पाण्यावर ठेवून वितळवतेस ना? मग ते उकळत्या पाण्यापेक्षा काही जास्त तापत नाही. तेवढ्याने लोखंड तुटलं असतं तर माझी पातेली कधीच तुटली असती."

मयूर एवढा वेळ चकलीच्या डब्याशी बसला होता. त्याने हात पुसले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. सरांनी भिरकावलेली चेन त्याने गुपचूप उचलून आणली होती. "सर कारण सांगून मोकळे झाले, पण चेन कोणी बघितलीच नाय," तो म्हणाला. "म्हणलं, आपण बघू."

 चैतालीला एकच भीती होती, की चेनची दोन टोकं जोडणारं लॉक आपल्याकडून नीट बसलं नसेल. तिने चेन वर्तमानपत्रावर पसरली आणि आधी लॉक शोधलं. लॉक जागच्या जागी घट्ट बसलेलं होतं. तुटली होती ती भलतीच कडी. कडीची बाजूची पट्टी मधोमध आडवी तडकली होती, बिस्किटासारखी. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघितलं, तेव्हा शेजारच्या कड्यांवरही केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या.

"पण ही तर नवी चेन आहे," चैताली म्हणाली. "दसऱ्यानंतर क्लबने सायकल ज्योत्स्नाच्या ताब्यात दिली तेव्हा ती इतकी चकचकीत होती. मला वाटलं, सरांनी शर्यतीसाठी नवी घातली."

"वाटलं की मोजलं?"

प्रश्न झोंबणारा होता, पण रास्त होता. चैतालीने दप्तरातली फूटपट्टी काढली. नव्या चेनची एक पिन शून्यावर ठेवली तर बारा इंचांच्या रेघेवर बरोबर दुसरी पिन येते. चेन वापरून झिजली की लांबते आणि पिन रेघेच्या पुढे सरकते. इथे पिन चांगलीच पुढे गेली होती. तिने दुसऱ्या जागी मोजलं, तिथेही तेच.

"ही जुनी आहे," ती हळूच म्हणाली. "चांगली वर्षभर वापरलेली."

"म्हणजे म्हातारीला पावडर लावून नवरी केली," मयूर म्हणाला. "पण कोणी? आणि कसली पावडर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं क्लबवर गेले. काही विचारलंच तर पाण्याची बाटली राहिलीय असं सांगायचं ठरलं होतं, पण कोणी विचारलंच नाही. हॉलमध्ये आकाशकंदील टांगायचं काम चाललं होतं आणि दीपक सर शिडी धरणाऱ्याला सूचना देत होते. सर वाईट नव्हते. पोरांना पहाटे उठवून स्वतः पुढे सायकल चालवत, कोणी दमलं तर पाठीवर हात ठेवत. फक्त त्यांना सगळं दिसायला छान लागायचं. रांगेतल्या सायकलीसुद्धा उंचीच्या क्रमाने लागत. दसऱ्याला तर त्यांनी हॉल असा सजवला होता की बघत राहावं. सगळ्या सायकली धुऊनपुसून उभ्या, प्रत्येकीला झेंडूचा हार, हळदीकुंकू, आणि पूजेला मोठे पाहुणे.

मागच्या अंगणात त्याच दसऱ्याचा कचरा अजून पडून होता. सुकून काळे पडलेले हार, आपट्याची पानं, नारळाच्या शेंड्या. मयूरने चेनचा एखादा तुकडा सापडतो का म्हणून तो ढीग पायाने बाजूला सारला आणि थांबला.

"चैताली, हे बघ."

खाली काळसर शहाबादी फरशी होती. वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेली. तिच्यावर पांढुरक्या, खरखरीत खुणा उमटल्या होत्या. एक कडी, मग दुसरी, मग तिसरी. कड्यांची रांग वळत वळत गेली होती. ओली चेन गुंडाळून जमिनीवर ठेवावी आणि तिचं चित्र दगडात कोरलं जावं, अगदी तसं. तिच्या शेजारी तसंच आणखी एक वेटोळं होतं, त्याच्या पलीकडे आणखी, आणि भिंतीपाशी बादलीच्या बुडाचा गोल.

चैताली खाली बसली. तिने बोट फिरवून बघितलं. हा डाग तिच्या ओळखीचा होता. घरी बाथरूम धुताना बाहेरच्या फरशीवर अॅसिड सांडलं होतं, तिथे असाच पांढरा चट्टा पडला होता आणि आईने कितीही घासला तरी तो गेला नव्हता. नळाच्या मागे अॅसिडच्या रिकाम्या बाटल्याही पडलेल्या होत्या.

"गंज काढायला अॅसिडमध्ये बुडवल्या," ती म्हणाली.  मेणाचं काम ती ज्या माणसाच्या व्हिडिओवरून शिकली होती, तो एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचा. चेन वाटेल त्याने धुवा, पण अॅसिडला हात लावू नका. चेनचं पोलाद फार कडक असतं. अॅसिडने ते वरून चमकतं आणि आतून ठिसूळ होतं. मग एक दिवस जोर लागला की न सांगता तुटतं.

आणि घाटाइतका जोर दुसरीकडे कुठे लागणार!

मयूर मोबाइलवर फोटो काढत होता. त्याला आनंद झाला होता, कोडं सुटल्याचा. चैतालीला आनंद झाला नाही. सगळ्यांसमोर आपल्याला बोलणाऱ्या माणसाच्याच अंगणात हे निघालं, याचा तिला राग आला. इतका राग, की तिला रडू फुटलं आणि तिने मयूरला तिकडे तोंड कर म्हणून सांगितलं.

तिथून दोघं सातपूरला गेले. ज्योत्स्नाने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मागे खोलीत भांडी पोत्यात भरलेली दिसत होती. चैतालीने एका दमात सगळं सांगितलं आणि फोटो दाखवले. ज्योत्स्नाने फरशीवरचं ते वेटोळं बोटांनी मोठं करून बघितलं.

"मला वाटलं तूच..." ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मी फोन नाही उचलला."

"मीपण नसता उचलला."

एवढ्यावर ते भांडण मिटलं. तिघं पायरीवर बसले. वेटोळी पुष्कळ होती, म्हणजे क्लबच्या सगळ्याच सायकलींच्या चेनी त्या बादलीतून निघाल्या होत्या. सृष्टीचीसुद्धा. मयूरने पायरीवरचा खडा लांब भिरकावला. "मग गप बसायचं. सृष्टीची चेन स्पर्धेत तुटू दे, सगळ्या गावासमोर. मग कळंल सरांना, मेण वाईट की अॅसिड."

चैतालीच्या मनातही अगदी हेच आलं होतं. त्याने मोठ्याने म्हटलं म्हणून तिला त्याचा राग आला, इतकंच.

ज्योत्स्नाने गुडघ्यावरची पट्टी सैल केली. जखम अजून ओली होती. "माझी चढावर तुटली," ती म्हणाली. "चढावर माणूस हळू असतो. झटका बसून तिचा उतारावर तोल गेला तर? तिथे ट्रक येतात." तिने पट्टी पुन्हा आवळली. "सांगायचं. पण असं सांगायचं की त्यांना नाही म्हणता येणार नाही."

तिथून पुढचा बेत मयूरचा होता.

पाडव्याच्या सकाळी क्लबमध्ये फराळ होता. सगळे पालक, सगळी मुलं, आणि क्लबच्या अध्यक्षा प्रतिभाताई. मयूर चैतालीची जुनी सायकल घेऊन आला. तिची चेन गंजून पार लाल झाली होती. शंकरपाळ्यांची बशी हातात घेऊन तो सरांसमोर गेला आणि अतिशय भोळा चेहरा केला. हा चेहरा त्याला शाळेत फार उपयोगी पडायचा.

"सर, दसऱ्याच्या फोटोत क्लबच्या चेनी काय चमकतायत! आमचे बाबा म्हणतात, त्या नव्याच घातलेल्या असणार. मी म्हणलं, नाय, आमच्या सरांकडे काहीतरी युक्ती हाय. माझी पण तशी होईल का?"

सर खुलले. "नव्या कसल्या? पावसाळ्यात सगळ्या लाल झाल्या होत्या. आता पूजेला गंजलेलं ठेवायचं का, पाहुणे काय म्हणतील? बाथरूमचं साधं अॅसिड. रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी चांदी!"

प्रतिभाताई कौतुकाने हसल्या. दोनचार पालकांनी, अरे वा, आपणही करू, असं म्हटलंसुद्धा.

"सगळ्या सायकलींच्या, सर?" चैताली पुढे आली. "ज्योत्स्नाच्यापण?"

"सगळ्यांच्या. मी भेदभाव करत नाही."

चैतालीने सृष्टीला तिची सायकल आणायला सांगितलं. सृष्टी काही न विचारता घेऊन आली, कारण ज्योत्स्ना आदल्या संध्याकाळीच तिच्याशी बोलली होती. चैतालीने लॉक उघडून चेन काढली. मयूरने आणलेल्या सायकलची गंजकी चेनही काढली. दोन्ही टेबलावर चिवड्याच्या परातीशेजारी ठेवल्या आणि सरांच्या हातात पक्कड दिली. 

"सर, दोन्ही तुम्हीच वाकवून बघा."

सरांनी थट्टा समजून आधी गंजकी चेन धरली आणि एक कडी पिळली. पट्टी वाकली, तुटली नाही. मग त्यांनी चमकणारी चेन धरली. मनगट जेमतेम फिरलं असेल. टक् असा आवाज आला आणि अर्धी पट्टी उडून चिवड्यात पडली.

 सरांनी दुसरी कडी धरली. तीही तुटली. मग त्यांनी पक्कड खाली ठेवली. चैतालीने ज्योत्स्नाची चेन टेबलावर ठेवली, मयूरने फरशीचे फोटो प्रतिभाताईंच्या हातात दिले, आणि अॅसिडने पोलादाचं काय होतं ते चैतालीने सांगितलं. तिला वाटलं होतं, हे सांगताना फार मजा येईल. सरांचा चेहरा उतरत गेला तशी ती मजाही संपली.

सृष्टी रडकुंडीला आली होती. "काका, ही घालून मी घाट उतरणार होते?" ती म्हणाली. "आणि त्या दिवशी ज्योत्स्ना माझ्या पुढे होती. मी पहिली आलेच नव्हते."

"माझी चूक झाली," दीपक सर म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "चैताली, तुला मी नको ते बोललो. तुझं मेण बरोबर होतं."

चैताली याच वाक्याची वाट बघत होती. ते कानावर पडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे नकोच होतं. "मग ज्योत्स्ना संघात ना, सर?"

सरांनी प्रतिभाताईंकडे बघितलं. प्रतिभाताईंनी बाजूला जाऊन दोन फोन केले. परत आल्या तेव्हा त्यांनी मान हलवली. नावं पाठवून झाली होती, आता बदल होत नव्हता. वाईट वाटतं, पण पुढच्या वर्षी नक्की, असं त्या म्हणाल्या.

"मग खोली तरी द्या," चैताली म्हणाली. "सृष्टीला नाशिकमध्ये घर आहे. तिच्या वाटणीची खोली रिकामीच राहणार."

सृष्टी लगेच म्हणाली, "मला नकोच आहे, तिला द्या."

प्रतिभाताईंनी दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलींची मनं किती मोठी, असं त्या पालकांकडे वळून म्हणाल्या. पण खोली संघातल्या मुलींसाठी असा नियम होता, आणि नियम बदलायचा तर विषय समितीपुढे ठेवायला हवा होता. समितीची पुढची बैठक डिसेंबरात होती. त्या बैठकीत मी हा विषय आवर्जून मांडेन, असा शब्द त्यांनी दिला, आणि तो शब्द अगदी मनापासून दिला.

डिसेंबरात द्राक्षाच्या घडांतले जादा मणी काढायची विरळणी चालू असते आणि सगळे मजूर बागेतच असतात. हे हॉलमध्ये फक्त मयूरला आणि ज्योत्स्नाला माहीत होतं.

मग कौतुक झालं. लगेच शाल आली, नारळ आले. या छोट्या हेरांनी आपल्या मुलींचा जीव वाचवला, असं प्रतिभाताई माइकवरून म्हणाल्या आणि टाळ्या कडाडल्या. इथून पुढे क्लबच्या सगळ्या चेनींची देखभाल चैताली बघेल, असं सरांनी जाहीर केलं. फोटोसाठी तिघांना बोलावलं तेव्हा दोघंच पुढे आले. ज्योत्स्ना दाराशी चप्पल घालत होती. चैतालीने हाक मारली, पण फोटोवाला "इकडे बघा" म्हणाला, आणि फोटो निघाला.

मयूरने त्याच दिवशी वडिलांना फोन केला. ज्योत्स्नाची शाळा बुडेल, तिला तुम्ही नको म्हणा, असं त्याने सांगून बघितलं. वडील हसले. नको कसं म्हणायचं, उलट पोरगी आली तर बरंच आहे, धाकट्या पोरांना सांभाळायला कोणीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मयूरने फोन ठेवला आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो सातपूरला आला. ज्योत्स्नाचे वडील देवराम, आई फुलाबाई, दोन धाकटी भावंडं आणि गावची आणखी माणसं मागे बसून आली होती. ज्योत्स्नाचं गाठोडं वर चढलं. मग तिची स्वतःची सायकल चढली, शाळेत जायची काळी जुनी. तिची चेन चैतालीने आदल्या दिवशी मेणातून काढून आणून बसवली होती.

ज्योत्स्नाने हाताने पॅडल फिरवून बघितलं. चाक फिरत राहिलं, आवाज आला नाही. "बागेत नुसती माती," ती म्हणाली. "मेणाला चिकटत नाही ना?"

"नाही. पण भिजली तर पुसून ठेव. मेण गेलं की मला सांग, मी येऊन लावून देईन."

"ये."

सुट्टी संपत आली होती, त्यामुळे मयूरही त्याच टेंपोने घरी जाणार होता. तो मागे ज्योत्स्नाशेजारी चढायला लागला, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "अहो, तुम्ही कुठं मागं? पुढं बसा. मालकांनी बजावलंय."

मयूर एक पाय फळीवर ठेवून तसाच उभा राहिला. त्याने ज्योत्स्नाकडे बघितलं. फुलाबाईही म्हणाली, "बसा पुढं, बाबू." कालपर्यंत त्याला अरेतुरे करणारी ती बाई. ज्योत्स्नाने धाकट्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बस रे पुढे. इथे जागा नाही." जागा होती. मयूर खाली उतरला आणि पुढे जाऊन बसला. टेंपो वळेपर्यंत त्याने मागे बघितलं नाही.

चैताली घरी आली तेव्हा ओट्यावर एक पिशवी होती. दीपक सर स्वतः येऊन देऊन गेले होते. संघासाठी आणलेल्या कोऱ्या करकरीत चेनी होत्या, सगळ्या उद्यापर्यंत मेणात काढून हव्या होत्या. वर सृष्टीच्या नावाची चिठ्ठी लावलेली चेन. चैतालीने ती बाहेर काढली आणि परत पिशवीत ठेवली. आई म्हणाली, तुला नको असेल तर मी परत पाठवते.

"नको," चैताली म्हणाली. "गॅस लावून दे."

तिने चेन टर्पेंटाइनमध्ये धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाळवली. फूटपट्टीवर मोजली. तारेला अडकवून मेणात सोडली आणि बुडबुडे बघत बसली. आईने मध्येच विचारलं, एवढा वेळ कशाला, चमकायला लागली की झालं ना.  शेवटचा बुडबुडा येऊन गेल्यावर तिने चेन बाहेर काढली, गार होऊ दिली आणि एकेक कडी वाकवून मोकळी करायला घेतली. मध्ये एकदा डोळे भरून आले, आपण कुठल्या कडीवर होतो ते कळेना. मग ती पुन्हा पहिल्या कडीपासून सुरू झाली.